प्रौढ वयात पियानो शिकायला कशी सुरुवात करावी

प्रौढ वयात पियानो शिकायला बसणाऱ्याचा कान त्याच्या बोटांच्या फार पुढे असतो आणि सुरुवातीच्या महिन्यांतला बहुतेक मनस्ताप या अंतरातूनच निर्माण होतो. लहान मूल स्वतःच्या अडखळत्या वादनावरही खूश असते. तीस-चाळीस वर्षे गाणे ऐकलेल्या माणसाला मात्र आपला प्रत्येक स्वर किती कच्चा लागला हे तत्क्षणी कळते, आणि बोटांना भराभर कानाच्या पातळीवर आणण्यासाठी तो वेग वाढवतो. माझ्या मते शिकणे थांबण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. जाणता कान ही प्रौढ विद्यार्थ्याची खरी पुंजी आहे. सराव असा आखावा की कान मार्गदर्शन करील आणि बोटांना त्यांचा वेळ मिळेल.

वाद्य निवडताना एक गोष्ट पक्की धरावी, ती म्हणजे पट्ट्यांचे वजन. पियानोची यंत्रणा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने फ्लॉरेन्समध्ये 1700 च्या सुमारास बनवली. तिच्यात पट्टी दाबली की एक हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, आणि हातोडी सुटल्यानंतर त्या स्वराच्या जोरावर बोटाचा काहीही ताबा राहत नाही. पट्टी किती वेगाने खाली गेली एवढ्यावरच स्वराची तीव्रता ठरते. म्हणून हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकलेले बोट पियानोवर परके ठरते. 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्या असलेला आणि पेडल जोडता येईल असा डिजिटल पियानो घ्यावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हेडफोन लावून रात्री सराव करता येतो, ही त्याची आणखी एक सोय. दुकानात वाद्य तपासताना एक पट्टी अगदी सावकाश, श्वास सोडावा तशी खाली दाबून पाहावी. चांगल्या वाद्यावर आवाज उमटणार नाही, कारण खऱ्या पियानोतही एवढ्या संथ दाबाने हातोडी तारेपर्यंत पोचत नाही.

मुंबईत आणि गोव्यात जुने उभे पियानो विकायला निघतात आणि त्यांच्या लाकडाचा, आवाजाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तरीही ट्यूनिंग करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय असा पियानो घेऊ नये. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या सैल झाल्या असतील, तर कितीही ट्यूनिंग केले तरी स्वर टिकत नाही. शिवाय किनारपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड आणि फेल्ट ओलावा शोषून घेतात, पट्ट्या अडकू लागतात, आणि वर्षातून निदान दोनदा ट्यूनिंग करून घ्यावे लागते. हा खर्च आणि ही निगा झेपणार असेल तरच त्या वाटेला जावे.

बसण्याची जागा वाद्याइतकीच महत्त्वाची आहे. पेटीची सवय असलेले अनेक जण डिजिटल पियानो पलंगावर किंवा जमिनीवर ठेवून मांडी घालून वाजवू लागतात. त्यामुळे मनगट मुडपते आणि पाय पेडलपर्यंत पोचत नाही. वाद्य पक्क्या स्टँडवर असावे, बैठकीची उंची कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल इतकी असावी, बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसावे आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले असावेत.

हात कसा ठेवावा यासाठी एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक आणि संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना जी सुरुवात करून देत असे तीच मला सर्वांत नैसर्गिक वाटते. आपल्या गायकांच्या भाषेत (दोन काळ्या पट्ट्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी ती पांढरी एक, तेथून उजवीकडे पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजायच्या) सांगायचे तर उजवा अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटे काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर ठेवावी. लांब बोटांना उंच पट्ट्या आणि आखूड बोटांना खालच्या पट्ट्या मिळाल्यामुळे हात आपोआप गोलाकार होतो. ‘बोटे वाकवा’ असे वारंवार बजावण्यापेक्षा या एका स्थितीतून हाताला बरेच काही समजते.

पहिल्या आठवड्यात स्वरलिपीचा कागद उघडूच नये. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत मांडलेल्या आहेत हे डोळ्यांनी आणि मग डोळे मिटून बोटांनी ओळखावे. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी, आपली पांढरी एक. 88 पट्ट्यांच्या वाद्यावर डावीकडून चोविसावी पांढरी पट्टी हा मधला सी होय. त्यानंतर काळी तीनवर सा धरावा. तेथून भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे पाचही स्वर केवळ काळ्या पट्ट्यांवर मिळतात, त्यामुळे चुकीचा स्वर लागण्याची भीती नसते आणि पहिल्याच दिवशी कान तृप्त होईल असे काहीतरी वाजवता येते. वाजवताना तोंडाने सरगम म्हणावी. जो स्वर आधी मनात ऐकू आला आहे तोच बोटाखाली शोधणे, ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

मग पांढऱ्या पट्ट्यांवर सी ते सी, म्हणजेच पांढरी एकच्या सा पासून बिलावल थाटाचे सप्तक घ्यावे. दोन्ही हातांत अंगठ्याला एक आणि करंगळीला पाच असे क्रमांक असतात. चढताना उजव्या हाताने एक, दोन, तीन वाजवून अंगठा बोटांखालून पुढे न्यावा आणि उरलेले स्वर एक ते पाचने पूर्ण करावेत. डाव्या हाताने पाचपासून एकपर्यंत येऊन मधले बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकावे आणि तीन, दोन, एक असे संपवावे. अंगठा सरकवताना कोपर बाहेर उडत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. येथे एक खबरदारी घ्यायला हवी. आपला सा कुठेही धरता येतो, परंतु स्टाफ नोटेशनमधली, म्हणजे पाच-पाच रेघांच्या दोन संचांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीतली, स्वरांची नावे पट्ट्यांना कायमची चिकटलेली असतात. ‘सा’ हे स्वरांमधले नाते आणि ‘सी’ ही वाद्यावरची जागा, असा भेद मनात ठेवला तर दोन्ही पद्धती सुखाने एकत्र नांदतात.

ज्यांना पेटी येते त्यांना उजव्या हाताची तयारी आयती मिळालेली असते, पण त्यांच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो, तर पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरत जातो आणि नंतर तो फुगवता येत नाही. त्यामुळे एका स्वराच्या विरण्यात दुसरा किती हळुवारपणे ठेवायचा, हे कानाने नव्याने शिकावे लागते. दुसरी अडचण डाव्या हाताची. वर्षानुवर्षे भाता ओढलेल्या हाताला एकाएकी पाच स्वतंत्र बोटे असल्याचे शोधायचे असते. त्याला रोजच्या सरावात पहिला मान द्यावा.

दोन हात एकत्र आणणे हा या सगळ्या शिक्षणाचा गाभा आहे आणि येथे घाई अजिबात चालत नाही. आधी डावा हात एकटा इतका पक्का करावा की तो वाजत असताना मोठ्याने मात्रा मोजता येतील. त्यानंतर वाद्य बाजूला ठेवून दोन्ही हातांची लय मांड्यांवर थाप देऊन बसवावी. ज्याने कधी हाताने ताल धरला आहे त्याला हा भाग इतरांपेक्षा सोपा जातो. मग फक्त एक माप, म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा (बार), घ्यावे, नेहमीच्या निम्म्या वेगाने, आणि पुढच्या मापाच्या पहिल्या स्वरापर्यंत वाजवून थांबावे. तो एक पुढचा स्वर टाळला, तर प्रत्येक माप स्वतंत्रपणे येते पण सांध्यांवर वादन अडखळते. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवावा, तेही जड वाटले तर 50 वर आणावा, आणि सलग तीन वेळा बिनचूक झाल्याशिवाय वेग वाढवू नये. हाताला बरोबर आणि चूक यांतला फरक कळत नाही. जे वारंवार घडते ते तो मुरवून घेतो. चुकत चुकत वेगाने दहा वेळा वाजवणे म्हणजे ती चूक दहा वेळा पाठ करणे होय.

चूक झाली की रचनेच्या सुरुवातीला परत जाण्याची सवयही मोडावी. तिच्यामुळे पहिल्या चार ओळी अतिशय सुंदर होतात आणि शेवट कायम कच्चा राहतो. मी तर शेवटच्या दोन मापांपासून सुरुवात करून मागे मागे येण्याचा सल्ला देईन, म्हणजे वाजवताना आपण नेहमी अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातो.

रोज अर्धा तास पुरतो, मात्र तो रोज मिळाला पाहिजे. हालचालींची स्मृती झोपेत पक्की होत असल्यामुळे रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा सहा दिवसांची अर्ध्या अर्ध्या तासाची बैठक अधिक फळ देते. त्यातला निम्मा वेळ केवळ अडलेल्या दोन-चार मापांना द्यावा, थोडा सप्तकांना, थोडा नवीन सोपी ओळ पाहताक्षणी वाजवण्याला, आणि शेवटी एखादी आधीच बसलेली रचना आनंदासाठी वाजवूनच उठावे.

वाचन शिकताना पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावू नयेत आणि कागदावरच्या स्वरांवर नावेही लिहू नयेत, कारण डोळे मग फक्त ती नावेच वाचतात. त्याऐवजी तीन खुणा पाठ कराव्यात. वरच्या पाच रेघांवरचे चिन्ह ज्या दुसऱ्या रेघेभोवती वळते तो जी, म्हणजे पांढरी पाच. खालच्या पाच रेघांवरच्या चिन्हाचे दोन ठिपके ज्या चौथ्या रेघेच्या वर-खाली असतात तो एफ, म्हणजे पांढरी चार. आणि या दोहोंच्या मधल्या छोट्या रेघेवर मधला सी. बाकीचे स्वर या खुणांपासून किती पायऱ्या वर किंवा खाली आहेत हे पाहत गेले की वाचनाला गती येते.

रचनांची निवड करताना हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मोस’चा पहिला खंड जरूर पाहावा. त्याचे सुरुवातीचे तुकडे दोन्ही हातांनी एकच चाल वाजवण्याचे आहेत आणि हात पाच पट्ट्यांवरून हलत नाहीत. त्यानंतर बाखने 1725 साली पत्नीसाठी सुरू केलेल्या वहीतला जी स्केलमधला मिन्युएट (एका जुन्या नृत्याच्या चालीची छोटी रचना) घ्यावा. तो पुष्कळ काळ बाखचाच समजला जात होता, पण तो क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. बेटोव्हनच्या ‘फ्युर एलिझे’कडे मात्र लगेच धावू नये. तिची ओळखीची सुरुवात सोपी असली तरी पुढचे भाग नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. आवडीचा अभंग वाजवायचा असेल तर उजव्या हाताने चाल आणि डाव्या करंगळी-अंगठ्याने सा-प असा आधार धरावा. रागावर बेतलेल्या चालीखाली पाश्चात्त्य कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुडग्यांची, गर्दी केली तर चाल गुदमरते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वाढत्या वयात सांधे आखडलेले असतात, म्हणून पहिल्या वर्षी सप्तकभर, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर, हात ताणण्याचा आग्रह धरू नये. थकवा चालतो, वेदना चालत नाही. मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवसाचे वादन तेथेच थांबवावे, आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

व्हिडिओ पाहून बरेच शिकता येते, पण व्हिडिओला तुमचे मनगट दिसत नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा का होईना, प्रत्यक्ष शिक्षकांसमोर बसावे. शिक्षक ठरवताना त्यांच्याकडे आधी प्रौढ विद्यार्थी होते का आणि ते परीक्षेबाहेरच्या रचना शिकवतात का, हे मोकळेपणाने विचारावे. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या श्रेणी परीक्षा भारतातही देता येतात आणि त्यांना कमाल वयाची अट नाही. समोर ध्येय असले की नेमाने बसणाऱ्यांनी त्या अवश्य द्याव्यात. परीक्षेच्या ताणाने ज्यांचे हात आखडतात त्यांनी त्याऐवजी दर दोन-तीन महिन्यांनी घरच्यांसमोर एक पूर्ण रचना वाजवावी.