फॉर्म्युल्यातले रंगीत चौकोन: या चुका टाळा

लांबलचक फॉर्म्युल्यावर एफ२ दाबलं की एक्सेल प्रत्येक रेफरन्सला, म्हणजे सेलच्या पत्त्याला, रंग देतं आणि शीटवर त्याच रंगाचा चौकोन आखतं. इतकी साधी सोय, तरी आमच्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी तिच्यातच अडकतं.

पहिली चूक म्हणजे चौकोन नुसता बघण्यापुरता आहे असं समजणं. तो हलतो! कड धरून ओढला तर रेफरन्स दुसरीकडे जातो, कोपरा ओढला तर रेंज, म्हणजे घेतलेल्या सेलचा पट्टा, लहान-मोठी होते. एक्सेल काही विचारत बसत नाही.

मार्चअखेर होती. एका कारखान्याचं पगारपत्रक, ६२ माणसं, डी५ पासून डी६६ पर्यंत एकूण पगार, पुढे कपाती, आणि खाली निव्वळ रकमेचा दोन ओळींचा फॉर्म्युला. संध्याकाळी बँकेची यादी आणि आमची शीट यांत ४८,६०० रुपयांचा फरक. हिशेबातली जुनी खोड अशी की फरकाला नऊने भागून बघायचं. भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार. ४८,६०० ला नऊने पूर्ण भाग जातो. झालं, दीड तास आम्ही दोघं उलटे आकडे शोधत बसलो. शेवटी वैतागून एफ२ दाबलं, तर निळा चौकोन डी६२ वरच संपलेला. खालचे चार रखवालदार, प्रत्येकी १२,१५०, बाहेर उभे. नव्या मुलानं दुपारी ‘फक्त बघितलं’ होतं. बघताना कोपरा ओढला गेला आणि फॉर्म्युल्यातून बाहेर पडताना या साहेबांनी एन्टर मारलं.

तेव्हापासून आमच्या टेबलावर एकच नियम: बघून झालं की एस्केप. एन्टर नाही, आणि बाजूच्या सेलवर क्लिक तर अजिबात नाही. फॉर्म्युला उघडा असताना त्या क्लिकनं नवाच रेफरन्स आत घुसू शकतो.

आखूड रेंजची चूक मोठ्यांनाही चुकलेली नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्ज आणि वाढीवरच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरी ओळ ३० ते ४९ ची हवी होती, घेतली ३० ते ४४ ची. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गळाले. त्यांची मूळ शीट मागवून थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं ती तपासली आणि २०१३ मध्ये हे उघड झालं. त्या निबंधावरचे आक्षेप एवढेच नव्हते, पण ही चूक एफ२ दाबलं असतं तर दिसली असती.

दुसरी तक्रार: ‘रंगच येत नाहीत.’ लगेच एक्सेल पुन्हा टाकायला धावू नका. रेफरन्स दुसऱ्या शीटवरचा असेल तर त्याचा चौकोन या शीटवर कसा दिसेल? तिथे मी कंट्रोल आणि डावा चौकटी कंस दाबते, थेट त्या सेलवर पोचते. परतायला एफ५ आणि एन्टर. इनडायरेक्ट या, अक्षरांत लिहिलेल्या पत्त्यावरून सेल गाठणाऱ्या, फंक्शनच्या अवतरणचिन्हांत पत्ता लिहिला असेल तर एक्सेलसाठी ती नुसती अक्षरं, रंग मागूच नका. इनडायरेक्ट वापरणाऱ्यांशी माझं तसंही जमत नाही. आणि कुठल्याच फॉर्म्युल्यात रंग दिसत नसतील तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘अलाउ एडिटिंग डायरेक्टली इन सेल्स’ची खूण कुणीतरी काढली आहे का बघा.

रंग मोजकेच असतात, संपले की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा रेफरन्स असलेल्या फॉर्म्युल्यात ‘तो निळा’ म्हणून बोट दाखवू नका. कंट्रोल-शिफ्ट-यूनं फॉर्म्युला बार मोठा करा, प्रत्येक स्वल्पविरामानंतर ऑल्ट-एन्टर मारून ओळी तोडा. उत्तर बदलत नाही. तरी लोकांना तो अर्धा मिनिट जड जातो, आणि मग तेच लोक कंस मोजत बसतात.

डी:डी असा अख्खा कॉलम देऊ नका. चौकोन शीटच्या टोकापर्यंत जातो आणि त्यातून काहीच कळत नाही.

फॉर्म्युल्याचा तुकडा निवडून एफ९ दाबला की त्याचं उत्तर दिसतं. छान सोय, पण नंतर एन्टर दाबलात तर रेफरन्स जाऊन तिथे आकडा कायमचा बसतो. इथेही एस्केपच.

कंडिशनल फॉरमॅटिंगच्या, म्हणजे अट लावून सेल रंगवायच्या नियमाच्या, खिडकीत फॉर्म्युला लिहिताना बाणाची कळ दाबली की कर्सर सरकण्याऐवजी भलताच रेफरन्स उमटतो. आधी एफ२ दाबा, मग बाण. हे मी आमच्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल; परवा पुन्हा एकानं सगळा नियम पुसून नव्यानं टाइप केला.