लीचिंगमधून सोनं-चांदी कमी निघतंय? आधी खनिज ओळखा, या चुका टाळा

देगलूर-बिलोलीकडे विहीर खणताना मुरमात काही चकाकलं की कुणीतरी ते कागदाच्या पुडीत बांधून आमच्याकडे घेऊन येतं. तिकडे बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइट वर येतो, त्यामुळे चकाकणारं सापडतंही. मी टाचणी लावून दाखवतो. पापुद्रा निघाला तर अभ्रक. चुरा होऊन काळी पूड पडली तर पायराइट, म्हणजे आपली सोनमाखी. सोनं असतं तर दाबल्यावर चपटं झालं असतं, फुटलं नसतं. पुडी आणणारा हिरमुसतो, पण त्याचं नुकसान काही होत नाही. खनिज न ओळखण्याची हीच चूक कारखान्यात लीचिंगच्या वेळी, म्हणजे दळलेल्या दगडातलं सोनं सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढताना झाली, तर सोनं उरलेल्या गाळाबरोबर गाळ साठवायच्या बांधात जातं.

आपल्याकडची भूशास्त्राची मुलं शिकून कर्नाटकातल्या हट्टीसारख्या सोन्याच्या खाणींकडे नोकरी शोधतात. हट्टी रायचूर जिल्ह्यात, आणि १९५६ पर्यंत नांदेड नि रायचूर एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणजे फार परकी जागा नाही. हे लिहिणं मुख्यतः या मुलांसाठी आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या ग्रेडवर विसंबणं. अहवालात ‘टनाला ३ ग्रॅम’ लिहिलंय म्हटल्यावर सगळे खूश. पण तो आकडा सोनं किती आहे एवढंच सांगतो, कुठे बसलंय ते सांगत नाही. गारेत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये मोकळं असलेलं सोनं ७५ मायक्रॉनच्या आसपास दळलं की सायनाइडमध्ये ९० टक्क्यांच्या वर विरघळू शकतं. तेच ३ ग्रॅम आर्सेनोपायराइटसारख्या सल्फाइडच्या, म्हणजे गंधक असलेल्या खनिजाच्या आत सूक्ष्मदर्शकालाही न दिसण्याइतक्या बारीक रूपात असतील, तर द्रावण तिथवर पोचतच नाही. म्हणून एकाच नमुन्याचे तीन भाग करा, तीन वेगवेगळ्या बारकाईने दळा आणि बॉटल रोल चाचणी लावा, म्हणजे दळलेला माल सायनाइडच्या द्रावणासह बाटलीत घालून फिरवत ठेवा. बारीक दळल्यावर उतारा वाढला, तर सोनं कणांत अडकलेलं होतं. वाढलाच नाही, तर ते बहुधा सल्फाइडच्या स्फटिकातच मुरलेलं आहे. मग चक्कीवर वीज जाळण्यात अर्थ नाही. भाजणं, दाबाखाली ऑक्सिडीकरण किंवा जिवाणूंकडून सल्फाइड फोडून घेणं, हेच मार्ग उरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत जिवाणूंचा मार्ग १९८६ पासून वापरात आहे.

दुसरी चूक तर रोजची: उतारा घसरला की सायनाइड वाढवा. पाणी साचून पिवळ्या पडलेल्या पऱ्हाटीला युरिया टाकण्यासारखंच हे. मुळाला हवा नाही, खत काय करणार? सोनं विरघळायला सायनाइडसोबत ऑक्सिजनही लागतोच, आणि २५ अंशांच्या पाण्यात तो लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. धातुकात पायरोटाइट हे लोखंडाचं सल्फाइड असेल तर तेच हा ऑक्सिजन आधी खाऊन टाकतं, वर सायनाइडही संपवतं. अशा मालाला सायनाइड देण्यापूर्वी चुना घालून काही तास नुसती हवा द्या, पायरोटाइटची भूक आधीच भागू द्या.

तांब्याचंही तसंच. ‘तांबं इतके टक्के’ या आकड्याने काही कळत नाही. कोणतं तांबं ते विचारा. मॅलाकाइट, अॅझुराइट, चाल्कोसाइट सायनाइडवर तुटून पडतात. चाल्कोपायराइट मात्र फारसं विरघळत नाही. टक्केवारी तीच, पण सायनाइडचा खर्च कुठच्या कुठे जातो.

चुन्याबाबत एक गैरसमज आहे, जितका जास्त तितकं बरं. पीएच खाली जाता कामा नये हे खरंच, कारण ९.२ च्या आसपास निम्मं सायनाइड विषारी हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं. म्हणून साधारण १०.५ ते ११ राखतात. पण स्टिबनाइट, म्हणजे सुरम्याचं खनिज असेल, तर जास्त क्षारात ते विरघळतं आणि सोन्याच्या कणावर पातळ थर बसवतं. अशा मालाला पीएच सुरक्षित मर्यादेच्या जरा वरच, पण काटेकोर ठेवावा लागतो.

आता माझ्याच हातून झालेली चूक. एका नमुन्याचं द्रावण मी फक्त चोवीस तासांनी तपासलं, सोनं नावापुरतं दिसलं, आणि ‘सोनं अडकलेलं आहे’ असा शेरा मारून मोकळा झालो. फेरतपासणीत दोन, सहा, बारा आणि चोवीस तासांनी द्रावण घेतलं, तेव्हा सहा तासांना सोनं चांगलं वर आलेलं आणि पुढे उतरत गेलेलं दिसलं. विरघळलेलं सोनं दगडातला काळा कार्बन परत ओढून घेत होता. धुतल्यावर बाटलीच्या काठावर राखाडी तवंग दिसला होता, तो मी पुसून टाकला होता! अशा मालात लीचिंग सुरू असतानाच टाकीत सक्रिय कार्बन सोडतात, म्हणजे दगडातल्या कार्बनाआधी तो सोनं पकडतो.

चांदीला सोन्याचे नियम लावू नका. क्लोरारगायराइट या क्लोराइड खनिजातली चांदी सहज विरघळते. अॅकँथाइट हे सल्फाइड, त्याला जास्त तीव्र द्रावण आणि जास्त वेळ लागतो. टेट्राहेड्राइटमधली चांदी हट्टी असते, आणि मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये अडकलेली तर साध्या सायनाइडला दादच देत नाही. चांदी भरपूर असेल तर कार्बनही तिनेच भरून जातो. तिथे जस्ताच्या भुकटीने धातू खाली बसवणं परवडतं.

ढीग लावून लीचिंग करायचं असेल तर चिकणमाती बघा. काळ्या रानात पाणी कसं तुंबतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ढिगातही तेच होतं. म्हणून बारीक माल सिमेंट किंवा चुन्याने गोळ्यांत बांधून मगच रचतात. जाड सोनं आधी पाण्याच्या गुरुत्वाकर्षण पद्धतीने काढून घ्या, ते विरघळायला फार वेळ घेतं.

आणि उरलेला गाळ फेकू नका. त्याची पायरीपायरीने आम्लात चाचणी केली की सोनं कोणत्या खनिजात राहिलं ते कळतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट आणि पायरोटाइट जातं, नायट्रिकने पायराइट आणि आर्सेनोपायराइट, शेवटी भाजून कार्बन. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा सायनाइड लावून किती सुटलं ते मोजायचं. मात्र आम्ल घालण्याआधी गाळातलं सायनाइड पूर्ण धुऊन निघालंय हे तपासून घ्या, काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करा, आणि घरी किंवा शेतातल्या शेडमध्ये यातलं काहीही करू नका. आम्ल आणि सायनाइड एकत्र आलं की सुटणारा वायू माणसाला सावरायला वेळ देत नाही.