सकाळचा पहिला चहा फोनशिवाय

गजर बंद करायला फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतंच, आणि शांत बसायची वीस मिनिटं तिथेच जातात. माझ्यापुरता दोष गजराचा निघाला.

१. सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आणा. उशापासून दोन हात लांब ठेवा, म्हणजे उठावंच लागतं.

२. रात्री फोनचा चार्जर स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत लावा. झोपायच्या खोलीत नकोच. ‘उलटा करून ठेवतो’ हे मी करून पाहिलंय, टिकत नाही.

३. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसा. शेजारी पाठकोरा कागद आणि पेन ठेवा. ‘गॅसचा नंबर लावायचाय’ असलं काही आठवलं की लिहून मोकळे व्हा, नाहीतर त्यासाठी पुन्हा फोनकडे पाय वळतात. बाकी काही करायचं नाही. कप संपेपर्यंत नुसतं बसायचं.

पहिले तीन-चार दिवस हात उगाच फोन शोधतो.

एक काळजी घ्या: घरात वयस्कर माणसं असतील किंवा मुलं परगावी असतील तर फोन बंद करू नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून त्यांच्या नंबरांना सूट द्या आणि रिंगचा आवाज मोठा ठेवा.