विटेनबर्गचं शहर-चर्च: आधी व्यासपीठ शोधा

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा लेक जर्मनीत आहेच. मे महिना आला की विचारणा होते, "काकू, विटेनबर्गला बघायचं काय?" मी सिव्हिल ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे इतिहासापेक्षा इमारत कशी वाचायची ते सांगते.

तयारी ठाण्यातच करा. तलावपाळीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये थोडा वेळ शांत बसा. ते कॅथलिक आहे. नजर आपसूक कुठे जाते ते बघा. समोर, वेदीकडे. एवढं ध्यानात ठेवून विमानात बसा.

विटेनबर्गला बघायची चर्च दोन. मार्टिन ल्यूथर म्हणजे कॅथलिक चर्चला आव्हान देणारा, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा धर्मसुधारक. त्याने 1517 साली मांडलेले 95 आक्षेपाचे मुद्दे आणि त्याची कबर यांसाठी लोक राजवाड्याच्या चर्चकडे धावतात. फोटो काढा आणि बाजारचौकाजवळच्या सेंट मेरीजकडे, म्हणजे शहर-चर्चकडे वळा. ल्यूथर प्रवचनं द्यायचा तो इथे.

लगेच आत शिरू नका, बाहेरून पूर्ण फेरी मारा. वेदीकडचा भाग सर्वांत जुना, साधारण 1280चा. मुख्य सभामंडप 15व्या शतकातला. मनोरे नीट बघा. 1547च्या युद्धात त्यांची टोकदार दगडी शिखरं उतरवून वर तोफा चढवल्या होत्या. पुढे त्या जागी अष्टकोनी मजले आले. चौकोन कुठे संपतो आणि अष्टकोन कुठे सुरू होतो ते शोधा, मला तरी त्यातच जास्त मजा येते. आग्नेय बाजूला भिंतीवर वर ज्यूंची विटंबना करणारं मध्ययुगीन शिल्प आहे आणि खाली जमिनीवर ज्यूंच्या हत्याकांडाचं 1988चं स्मारक. दोन्ही बघा; नुसतं वरचं बघून पुढे जाऊ नका.

आता आत. कीर्तनाला गेलो की आपण बुवांचा शब्द नीट कानावर पडेल अशी जागा धरतो ना? तसंच इथे करा. ल्यूथरच्या मते उपासनेत प्रवचन महत्त्वाचं, म्हणून आधी व्यासपीठ शोधा, तिथून आवाज कुठवर पोचेल याचा अंदाज घ्या आणि मग वेदीकडे जा.

वेदीवरची चित्रं 1547ची, क्रानाख या चित्रकारांच्या कार्यशाळेतली. मध्ये प्रभुभोजन (येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं जेवण), डावीकडे बाप्तिस्मा देणारा ल्यूथरचा सहकारी मेलान्ख्टोन, उजवीकडे पापकबुली ऐकणारा, हातात किल्ल्या घेतलेला बुगेनहागेन. हा इथलाच पाळक, म्हणजे धर्मगुरू होता. ही तिन्ही चित्रं भराभर बघितलीत तरी चालेल. खालच्या लांबट पट्टीपाशी मात्र रेंगाळा. उजवीकडे व्यासपीठावर ल्यूथर, एक हात ग्रंथावर, दुसऱ्याचं बोट मधल्या क्रूसाकडे. डावीकडे श्रोते, पुढे बायका-मुलं बसलेली, मागे पुरुष उभे. भिंती अगदी कोऱ्या. ऐकण्यासाठी बांधलेल्या इमारतीचं याहून नेमकं रेखाटन मी तरी पाहिलेलं नाही.

रविवारी उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा आणि मोबाईल बंद ठेवा. भाषा नाही कळली तरी आवाज कसा फिरतो ते कळतं.

ल्यूथरच्या काळातलं मूळ व्यासपीठ आता इथे नाही, ते ल्यूथरहाउस, म्हणजे ल्यूथरच्या घरातल्या संग्रहालयाकडे आहे. चौकातून चालत जाता येतं, पण दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे निघण्याआधी बघून घ्या.