बुटांना आरशासारखी चमक येत नाही? या चुका टाळा

त्र्यंबक रोडवरची पोलीस अकादमी, देवळालीचा तोफखाना, भोसला मिलिटरी स्कूल... चकचकीत काळे बूट नाशिककरांच्या रोजच्या नजरेतले. ते पाहून घरी डबी उघडणारे बहुतेक जण बुटावर पॉलिश थापतात आणि जोर लावून घासत बसतात.

डबीतलं पॉलिश म्हणजे मेण, रंग आणि मेण मऊ ठेवणारं टर्पेंटाइनसारखं द्रावण. द्रावण उडून जातं, मागे राहिलेलं मेण कातड्याची बारीक छिद्रं बुजवतं. पृष्ठभाग सपाट झाला की चमक येते. थर जाड दिला तर तो आतून ओलाच राहतो आणि ब्रश फिरवताच रेघोट्या उमटतात. म्हणून आधी धूळ पुसा, पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मग ब्रश मारा. असे दोन-तीन हात झाल्याशिवाय पाण्याच्या थेंबाने आरसा आणण्याकडे वळू नका.

नंतर जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांवर घट्ट गुंडाळा. त्यावर पॉलिश नावापुरतं, पाणी थेंबभर, आणि हलक्या हाताने लहान लहान गोल. मेण धुरकट दिसून तसंच राहिलं तर पॉलिश जास्त झालंय; नवं न घेता पाण्याचा थेंब टाकून फिरवत राहा. इथे घाई करणाऱ्याचं काम हमखास बिघडतं.

आरसा फक्त पुढच्या टोकावर आणि टाचेवर करायचा. बोटांमागे बूट वाकतो, तिथला मेणाचा थर पहिल्याच कवायतीत तडकतो. तिथे ब्रशची साधी चमक पुरे.

स्पंजवाल्या बाटलीतलं लिक्विड पॉलिश या कामाचं नाही. त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा बसतो, मग मेण कातड्यात मुरतच नाही. रेक्झिनच्या बुटांचीही तीच गत. त्यावर मेहनत वाया घालवू नका.

पावसाळ्यात भिजलेले बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर कातडं कडक होऊन चिरतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली सुकवा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच डबी उघडा.

परेडच्या सकाळी मात्र नवा थर नको. स्वच्छ फडकं किंचित ओलं करून हलकेच फिरवा.