एकाच पार्टवर अनेक स्ट्रेस: मशीन डिझाइन करताना या चुका टाळा

मशीन डिझाइनच्या पेपरात किंवा कारखान्यातल्या ड्रॉइंगवर उत्तर चुकलं की पहिला संशय सूत्रावर जातो. सूत्र सहसा बरोबरच असतं, हँडबुकातून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. गडबड त्याच्या आधी झालेली असते: भार नेमका कुठे लागतो, तो कोणत्या वाटेने पायापर्यंत उतरतो आणि पार्टचा कोणता छेद, त्या छेदावरचा कोणता बिंदू तपासायचा हे ठरवताना. म्हणून इथे सूत्रं कमी आहेत. ती लावण्याआधी जिथे पाय घसरतो, त्या जागा जास्त आहेत.

भार छेदाच्या मधोमध आहे असं धरून चालणं

हँडप्रेसची किंवा क्लॅम्पची सी-फ्रेम घ्या. भार १० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने एक टन. फ्रेमचा गळा (भाराच्या रेषेपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर) १५० मिमी आणि उभ्या भागाचा छेद २५ बाय ७५ मिमी, म्हणजे जाडी २५ आणि खोली ७५. घाईत केलेलं गणित असं असतं: भार भागिले क्षेत्रफळ, म्हणजे १०,००० भागिले १८७५, उत्तर ५.३ एमपीए, म्हणजे दर चौरस मिमीवर ५.३ न्यूटन. हाच स्ट्रेस. कास्ट आयर्न काय, काहीही चालेल असं वाटतं.

पण भाराची रेषा छेदाच्या मध्यातून जातच नाही. ती बाजूने जाते, म्हणून डायरेक्ट टेन्शनबरोबर (सरळ ताणाबरोबर) बेंडिंगही (वाकणंही) येतं. इथपर्यंत बहुतेकांना आठवतं. पुढची चूक जास्त लबाड आहे. बेंडिंगसाठीचं अंतर म्हणून गळ्याचे १५० मिमी तसेच्या तसे घेतले जातात. गळा आतल्या कडेपर्यंत मोजलेला असतो आणि अंतर हवं असतं छेदाच्या सेंट्रॉइडपर्यंतचं (भौमितिक मध्यापर्यंतचं). म्हणजे १५० अधिक ३७.५, एकूण १८७.५ मिमी. सेक्शन मोड्युलस (छेद वाकण्याला किती विरोध करतो याचं माप) २३,४३८ घन मिमी येतो, त्यामुळे बेंडिंग स्ट्रेस ८० एमपीए. आतल्या कडेला दोन्ही टेन्शन एकमेकांत मिळतात आणि एकूण ८५ एमपीए होतात. पहिल्या उत्तराच्या सोळापट.

फ्रेम एफजी २०० ग्रेडच्या ग्रे आयर्नची असेल, तर तिची अल्टिमेट टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटण्याआधी सोसता येणारा कमाल ताण) २०० एमपीए. चारचा फॅक्टर ऑफ सेफ्टी धरला, म्हणजे ताकदीचा चौथाच हिस्सा वापरायचा ठरवला, तर ५० पर्यंतच जाता येतं. छेद वाढवणं भाग आहे. इथे आणखी एक खड्डा आहे: खोली ७५ ची १०० केली की सेंट्रॉइडही सरकतो आणि अंतर २०० मिमी होतं. जुनं १८७.५ तसंच ठेवून गणित केलं तर बेंडिंग ४५ आणि डायरेक्ट ४ मिळून ४९ येतात, फ्रेम पास. खरे येतात ५२, फ्रेम नापास. जाडीही ३० केली तर एकूण ४३ वर येतं आणि काम भागतं.

आयताकृती छेद हा तसा या कामाला फारसा शहाणपणाचा नाही. कास्ट आयर्न दाबात ताणापेक्षा तीन-चारपट टिकतं, मग दोन्ही कडांना सारखंच मटेरियल कशाला द्यायचं? टी आकार घेऊन रुंद फ्लँज गळ्याच्या बाजूला ठेवला की जिथे टेन्शन आहे तिथे माल जास्त जातो. जुन्या प्रेसच्या फ्रेम नीट बघितल्या तर हेच दिसतं. टी उलटा बसवलेली ड्रॉइंगही येतात, का तर बाहेरून दिसायला दणकट वाटतं म्हणून.

गळ्याचा कोपरा जिथे वळतो तिथे सरळ बीमचं सूत्र आतल्या कडेचा स्ट्रेस कमी दाखवतं. वळण जितकं आवळ, तितका फरक मोठा. तिथे कर्व्ह्ड बीमचं गणितच करावं.

वेगवेगळ्या बिंदूंवरचे स्ट्रेस एकत्र करणं

दुसरं उदाहरण काउंटरशाफ्टचं, म्हणजे मोटर आणि मशीन यांच्या मधल्या शाफ्टचं. १० एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर, वेग १४४० आरपीएम. पट्ट्याने ती ५०० मिमीची पुली ३६० आरपीएमवर फिरवते. पुली बेअरिंगच्या बाहेर १५० मिमीवर लटकलेली आहे.

इथे चुकांची रांगच लागते. टॉर्क (पिळणारा जोर) काढताना मोटरचा वेग धरला तर ५० न्यूटन-मीटर येतो. शाफ्टचा वेग धरला की १९९. मोटरच्या नेमप्लेटवरचा आकडा समोर असतो, तोच हात आपोआप उचलतो.

मग पट्ट्याचा ओढा. १९९ भागिले पुलीची त्रिज्या ०.२५, उत्तर ७९६ न्यूटन. हा ताणलेल्या आणि सैल बाजूंमधला फरक आहे. टॉर्क फरकामुळे होतो, पण शाफ्ट वाकतो तो दोन्ही बाजूंच्या बेरजेने, कारण दोन्ही बाजू पुलीला एकाच दिशेने ओढतात. ताणाचं प्रमाण ३:१ धरलं तर ११९४ अधिक ३९८, म्हणजे १५९२ न्यूटन. बेंडिंग मोमेंट (हा ओढा गुणिले १५० मिमी अंतर) २३९ न्यूटन-मीटर. फरकच वापरला असता तर याच्या निम्मा आला असता. पुलीचं वजन ३०० न्यूटन असेल आणि पट्टा आडवा ओढत असेल तर दोन्ही काटकोनात मिळून १६२० होतात, म्हणजे नगण्य वाढ. पट्टा खाली ओढत असेल तर सरळ १८९२.

आता समजा कुणी फक्त टॉर्क बघून ३० मिमीचा शाफ्ट काढला. त्यावर बेंडिंग स्ट्रेस ९० एमपीए आणि टॉर्शनचा (पिळण्याचा) शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा स्ट्रेस, ३७.५. या दोघांची सरळ बेरीज करून १२७.५ लिहिणारे भेटतात. या आकड्याला काहीच अर्थ नाही. एक स्ट्रेस छेदाला लंब आहे, दुसरा त्याच्या प्रतलातला. मॅक्सिमम शिअर स्ट्रेसच्या पद्धतीने समतुल्य स्ट्रेस (दोघांचा मिळून एकच आकडा) ११७ येतो, व्हॉन मिझेसने १११.

त्याच उत्साहात काहीजण पुलीच्या भाराचा आडवा शिअरही यातच घालतात. तो वर्तुळाकार छेदात सर्वांत जास्त न्यूट्रल ॲक्सिसवर असतो आणि बेंडिंग तिथे शून्य असतं. शाफ्टच्या वरच्या-खालच्या कडेला बेंडिंग कमाल असतं, तिथे आडवा शिअर शून्य. इथे तो जेमतेम ३ एमपीए आहे, त्यामुळे नुकसान होत नाही. पण आखूड, जाड पिनवर हीच सवय भलतं उत्तर देते.

भार स्थिर म्हणून स्ट्रेसही स्थिर मानणं

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वरच्या शाफ्टवर पट्ट्याचा ओढा एकाच दिशेने, एकाच जोराने आहे. पण शाफ्ट फिरतोय. जो कण आत्ता ताणात आहे, तो अर्ध्या फेऱ्यात दाबात जातो. म्हणजे ९० एमपीएचा स्ट्रेस दर फेऱ्याला अधिकचा उणे होतो. ३६० आरपीएमला दहा लाख फेरे ४६ तासांत पूर्ण होतात.

शाफ्ट ईएन ८ या मध्यम कार्बनच्या स्टीलचा, यील्ड (ज्याच्यापुढे आकार कायमचा बदलतो तो स्ट्रेस) सुमारे ३६०. स्थिर हिशोबाने फॅक्टर ३६० भागिले ११७, तीनच्या वर. ड्रॉइंगवर सही करायला हरकत नाही, असं वाटतं. आता फटीगच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या स्ट्रेसने येणाऱ्या थकव्याच्या अंगाने ढोबळ बघू. अल्टिमेट ६०० धरली तर पॉलिश केलेल्या नमुन्याची एन्ड्युरन्स लिमिट (कितीही फेरे झाले तरी न तुटण्याची मर्यादा) ३०० च्या आसपास. लेथवरचा पृष्ठभाग, आकार वगैरे धरून ती १८० वर येते. बेअरिंगच्या तोंडाशी स्टेप घेतली आणि टूलच्या टोकाने तिथे धारदार कोपरा सोडला, तर ९० चे १८० सहज होतात. तीनचा फॅक्टर एकवर आला.

शाफ्टसाठी हँडबुकात बेंडिंग मोमेंटला १.५ चा गुणक आणि की-वे (चावी बसवायची खाच) असेल तर ४२ एमपीएची शिअर मर्यादा दिलेली असते, ती उगाच नाही. ती लावली तर समतुल्य टॉर्क ४१० न्यूटन-मीटर येतो आणि व्यास ३६.८ मिमी. मग ४० मिमी घ्यायचा. त्या मापाची पिलो ब्लॉक बेअरिंग, यूसीपी २०८, बाजारात कुठेही मिळते. ३० वरून ४० केलं की बेंडिंग स्ट्रेस ९० वरून ३८ वर उतरतो. आणि स्टेप घ्यावीच लागली, तर ड्रॉइंगवर फिलेटचा (कोपऱ्याच्या गोलाईचा) रेडिअस लिहा. लिहिला नाही तर टर्नर हातात असलेल्या टूलचाच रेडिअस देणार, त्यात त्याचा दोष नाही.

थिअरी मटेरियल न बघता निवडणं

थिअरी म्हणजे पार्ट कधी निकामी होईल हे ठरवण्याची पद्धत. स्टीलसारख्या तन्य (तुटण्याआधी ताणल्या जाणाऱ्या) धातूला व्हॉन मिझेस किंवा मॅक्सिमम शिअर. कास्ट आयर्नसारख्या ठिसूळ धातूला मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेस (जिथे शिअर शून्य असतो त्या दिशांमधला सर्वांत मोठा स्ट्रेस) किंवा मॉडिफाइड मोहर. ग्रे आयर्नला यील्ड पॉइंट नसतोच, त्यामुळे त्याच्यावर व्हॉन मिझेस लावून यील्डशी तुलना करणं म्हणजे जे नाही त्याच्याशी तुलना करणं. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचंही (भोक, कोपरा अशा जागी स्ट्रेस एकवटण्याचंही) तसंच: भार खरोखर स्थिर असेल तर तन्य स्टीलमध्ये भोकाच्या कडेला थोडं यील्ड होऊन स्ट्रेस पसरतो, म्हणून तिथे सहसा दुर्लक्ष चालतं. कास्ट आयर्नला ती सवलत देऊ नये.

मॅक्सिमम शिअरमध्ये एक जुना सापळा आहे. पातळ भिंतीचं सिलिंडर घ्या: व्यास ५००, जाडी ५ मिमी, आतला दाब १ एमपीए. परिघाच्या दिशेने स्ट्रेस ५०, लांबीच्या दिशेने २५. अनेकजण ५० वजा २५ भागिले २ करून १२.५ लिहितात आणि मोकळे होतात. तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस, जाडीच्या दिशेचा, जवळजवळ शून्य आहे. तोही रांगेत धरायचा असतो. खरा मॅक्सिमम शिअर ५० वजा ० भागिले २, म्हणजे २५. थेट दुप्पट. दोन्ही प्रिन्सिपल स्ट्रेस एकाच चिन्हाचे असले की हा शून्य हमखास विसरला जातो.

मटेरियलबद्दल आणखी एक. पार्ट जास्त वाकतोय म्हणून एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) जागी ईएन २४ हे जास्त ताकदीचं स्टील घालायचं ठरतं, पैसे दुप्पट-तिप्पट होतात आणि पार्ट तेवढाच वाकतो. कोणत्याही स्टीलचा यंग्ज मोड्युलस (मटेरियलच्या ताठपणाचं माप) २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. वाकणं कमी करायचं असेल तर छेद बदला. आणि आयएस २०६२ च्या ई २५० प्लेटचं यील्ड २५० हे २० मिमीपेक्षा कमी जाडीसाठी आहे. २० ते ४० मध्ये २४० आणि त्यावर २३०.

बोल्टांमध्ये भार समान वाटून टाकणं

भिंतीला लावलेला ब्रॅकेट, १०० मिमी चौकोनात चार बोल्ट, मध्यापासून २५० मिमीवर ८ किलोन्यूटन भार. आठ भागिले चार म्हणजे दोन, झालं? नाही. भार फिरवायलाही बघतो, त्याने प्रत्येक बोल्टवर आणखी ७ किलोन्यूटन येतात, वेगवेगळ्या दिशांनी. भाराच्या बाजूच्या दोन बोल्टांवर हे दोन्ही भार मिळून ८.६ होतात, लांबच्या दोघांवर ५.८. शिवाय शिअरचं प्रतल आट्यांमधून जात असेल तर एम १६ बोल्टचं क्षेत्रफळ २०१ नव्हे, १५७ चौरस मिमी धरायचं.

भाराची वाट न बघितल्याची किंमत काय असते, याचा दाखला मशीनचा नाही, इमारतीचा आहे, पण जोड साधा नट-रॉडचाच होता. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधले लटकते पूल १७ जुलै १९८१ रोजी कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून एकच अखंड रॉड वरच्या पुलातून खालच्या पुलापर्यंत जात होता. जोडणी सोपी व्हावी म्हणून त्याचे दोन केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलाच्या बीमला खालचा पूल टांगणारा. त्यामुळे वरच्या बीमखालच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. मूळ आराखडाही स्थानिक नियमांना पुरा पडत नव्हता. त्या एका नटाचा फ्री बॉडी डायग्राम (त्याच्यावर येणाऱ्या सगळ्या बलांचं चित्र) कागदावर काढला असता तर ही दुप्पट लगेच दिसली असती.

युनिट

टॉर्क न्यूटन-मिलिमीटरऐवजी न्यूटन-मीटरमध्ये घातला तर व्यास बरोबर दहापट कमी येतो, घनमूळामुळे. वरच्या शाफ्टचा फक्त टॉर्कवरून काढलेला व्यास २८.९ मिमीच्या जागी २.८९ आला की चूक कुठे आहे ते शोधावं लागत नाही. किलोग्रॅम आणि न्यूटनची गफलत मात्र लपते: व्यास साधारण २.१ पटीने चुकतो आणि आकडा पटण्यासारखा दिसतो.

सॉफ्टवेअरमधला लाल ठिपका

फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर पार्टचे बारीक तुकडे, म्हणजे मेश, करून स्ट्रेस काढतं आणि जास्त स्ट्रेसची जागा लाल दाखवतं. धारदार आतल्या कोपऱ्यात हा मेश जितका बारीक कराल तितका स्ट्रेस वाढत जातो आणि कुठे थांबत नाही. तो आकडा खरा नसतो. कोपऱ्याला प्रत्यक्षातला रेडिअस देऊन पुन्हा चालवा. दुसरीकडे, पार्टचा बूड पूर्ण फिक्स केला की प्रत्यक्षात ढिली असणारी जागा दगडासारखी घट्ट होते आणि स्ट्रेस कमी दिसतो. आधी हाताने ढोबळ आकडा काढा. स्क्रीनवर त्याच्या पाचपट काही दिसलं, तर दोघांपैकी एक चुकतंय.

तुटलेला पार्ट वाचणं

पार्ट तुटलाच तर तो भंगारात टाकण्याआधी तुटलेला पृष्ठभाग पुसून बघा. एका कडेपासून सरकत गेलेल्या कमानीसारख्या रेषा आणि शेवटी खरखरीत भाग दिसला तर तो फटीग आहे. रेषा जिथून सुरू होतात तिथे स्टेप, की-वे किंवा टूलची खूण हमखास सापडते. पिळून तुटलेला स्टीलचा शाफ्ट साधारण सपाट, अक्षाला काटकोनात तुटतो. कास्ट आयर्न ४५ अंशात, सर्पिल तुटतं, अगदी फळ्यावरचा खडू पिळल्यासारखं.

आणि तुटलेल्या शाफ्टला वेल्डिंग मारून परत चढवू नका. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो; प्रीहीट न करता वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि पुढचा तडा तिथूनच जातो.