विश्वासू कारभारीपण मंडळीत कसे शिकवावे: पाळक, वडील आणि खजिनदार यांच्यासाठी

अनेक मंडळ्यांत कारभारीपणावरचा, म्हणजे देवाने सोपवलेले पैसे, वेळ आणि कसब विश्वासूपणे वापरण्यावरचा, उपदेश नेमका तेव्हाच होतो, जेव्हा छत गळू लागलेले असते किंवा पाळकांचे मानधन दोन महिने थकलेले असते. सभासदांना ही वेळ बरोबर कळते, आणि वचन कितीही नीट उलगडून सांगितले तरी घरी जाताना त्यांच्या मनात एवढेच उरते की मंडळीला पैसे हवे आहेत. म्हणून ही शिकवण मंडळीची आर्थिक स्थिती बरी असताना हाती घ्यावी, आणि ती चालू असेल त्या महिन्यात कोणत्याही खास निधीचे आवाहन करू नये.

आपल्या इंदूरच्या मंडळ्यांपुरता आणखी एक संदर्भ लक्षात ठेवावा लागतो. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये येथे काम सुरू केले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. शाळा, दवाखाने, बंगले यांचा खर्च त्या काळी मोठ्या प्रमाणात समुद्रापलीकडून येत असे. त्या सेवेचे मोल मोठे आहेच. पण तिच्याबरोबर ‘मंडळीचे कोणीतरी बघून घेईल’ ही समजूतही काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. ती उपदेशातल्या टोमण्यांनी जात नाही. आपल्या मंडळीचा महिन्याचा खर्च किती आणि तो कोण उचलते, हे सभासदांना प्रत्यक्ष दिसू लागले की ती हळूहळू विरते.

आधी हिशेब, मग उपदेश

या विषयाची खरी सुरुवात व्यासपीठावर होत नाही, खजिनदाराच्या वहीत होते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी लिहितो, आणि त्याच अध्यायात ती रक्कम नेण्यासाठी तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवत असल्याचेही सांगतो, ज्यांपैकी एकाला मंडळ्यांनी स्वतः निवडले होते. कारण तो स्पष्टच देतो: एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्या दृष्टीने जे योग्य आहे ते माणसांच्या दृष्टीनेही योग्य असावे. प्रेषिताने जी काळजी घेतली ती आपल्या खजिनदाराने घेण्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी विचारलेच, तर हा अध्याय त्यांच्यासमोर ठेवावा.

प्रत्यक्षात पुढील व्यवस्था शिकवण सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी रुळलेली असावी. अर्पणाची मोजणी उपासना संपल्यावर लगेच, मंदिरातच, एकाच कुटुंबातले नसलेल्या किमान दोघांनी करावी आणि मोजणीच्या कागदावर दोघांनी सही करावी. खजिनदाराने एकट्याने मोजू नये. थैलीतल्या रोख रकमेतून परस्पर खर्च भागवू नये. सगळी रक्कम आधी बँकेत भरावी आणि मग खर्चासाठी काढावी. दाराशी लावलेला क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा असावा, पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकाचा कदापि नसावा. सोयीसाठी केलेली ही एवढीशी तडजोड पुढे सगळ्यात जास्त संशय निर्माण करते, आणि तो संशय निराधार असला तरी त्याचे निरसन करायला पुरावा हाताशी राहत नाही. महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा आणि त्यात थकबाकीही लिहावी. केवळ शिल्लक दाखवणारा हिशेब लोक कौतुकाने वाचतात आणि विसरतात. विजेचे बिल भरायचे राहिले आहे, हे वाचलेला माणूस मात्र पुढच्या रविवारी त्याविषयी विचारतो.

देणाऱ्यांची नावे आणि रकमा वाचून दाखवण्याची किंवा वार्षिक अहवालात छापण्याची प्रथा जिथे असेल तिथे ती बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, हे येशूचे वचन एकीकडे शिकवायचे आणि दुसरीकडे यादी लावायची, ही विसंगती मुलांच्याही लक्षात येते. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक असलेली पाकिटे द्यावीत, कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त खजिनदाराला ठाऊक असावे, आणि वर्षाअखेरीस त्या त्या कुटुंबाला त्याच्याच रकमेची पावती बंद पाकिटात मिळावी.

चार रविवारांची शिकवण

पहिल्या रविवारी पैशाचा उल्लेखही करू नये. पृथ्वी आणि तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे, हे चोविसावे स्तोत्र आणि मंदिरासाठी ढीगभर देणगी जमल्यावर दाविदाने केलेली प्रार्थना (१ इतिहास २९), एवढे पुरे आहे. तुझ्याच हातून मिळालेले आम्ही तुला दिले, असे राजा म्हणतो. मालकी कोणाची, हा प्रश्न सुटल्याशिवाय टक्केवारीचा प्रश्न काढला तर चर्चा कराच्या आकारणीसारखी होऊन बसते. दुसऱ्या रविवारी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला, तीन दासांना सोपवलेल्या धनाचा दृष्टान्त घ्यावा, आणि येथे वेळ, शिक्षण, कसब, घर, आरोग्य यांविषयी बोलावे.

तिसरा रविवार देण्याचा, आणि तयारी सर्वांत जास्त याचीच करावी लागते, कारण दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचा, प्रश्न येथे येणारच. जुन्या करारात दशांश लेव्यांच्या, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या, निर्वाहासाठी होता, आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो गावातले लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी साठवला जात असे. नव्या करारातल्या पत्रांत मंडळ्यांना ठरावीक टक्केवारी सांगितलेली नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, दुःखी न होता, सक्तीने न देता, संतोषाने द्यावे, असे पौल म्हणतो. आपली मंडळी दशांश बंधनकारक मानत असेल तर तसे शिकवावे, नसेल तर दहावा हिस्सा हे एक जुने आणि उपयुक्त प्रमाण म्हणून सांगावे. मात्र दोन्ही बाजूंची वचने लोकांपुढे ठेवावीत, कारण ती त्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलीच असतात.

मलाखीचा तिसरा अध्याय या दिवशी हमखास वाचला जातो आणि हमखास चुकीच्या अर्थाने वापरलाही जातो. आकाशाची कवाडे उघडण्याचे वचन हे हजार दिले की दहा हजार मिळण्याची योजना नव्हे. तेथे भांडारात अन्न असावे, ही मागणी आहे. ते अन्न कोणासाठी, हे नहेम्याच्या तेराव्या अध्यायावरून कळते: वाटा मिळेना म्हणून लेवी आपापल्या शेतांकडे निघून गेले होते, आणि भांडारांवर नहेम्याने जे लोक नेमले ते विश्वासू गणले जात म्हणून नेमले. ही दोन्ही वचने एकत्र वाचली की आशीर्वादाची लालूच न दाखवताही देण्याचे कारण समजते.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळची होती तेवढी दोन छोटी नाणी, टाकणाऱ्या विधवेच्या प्रसंगाविषयीही सावध राहावे. मार्काने तो प्रसंग, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना येशूने दिलेल्या इशाऱ्याच्या लगेच पुढे ठेवला आहे. धुणीभांडी करून चार जणांचे पोट भरणाऱ्या मावशींना ‘त्या विधवेसारखे सगळे द्या’ असे सांगण्यासाठी हा भाग वापरणे म्हणजे त्याच शास्त्र्यांच्या रांगेत उभे राहणे होय.

चौथ्या रविवारी, देवाच्या नानाविध कृपेचे कारभारी व्हा, हे पेत्राचे वचन घ्यावे आणि उपासनेनंतर सेवेचे अर्ज वाटावेत. त्यात ‘मी मदत करीन’ असा मोघम रकाना ठेवू नये. रक्तदाब तपासणे, वायरिंग बघणे, दहावीच्या मुलांचे गणित घेणे, हिशेब लिहिणे, आजाऱ्याला रुग्णालयात नेणे अशी नेमकी कामे लिहावीत आणि प्रत्येक कामाची मुदत एक वर्षाची ठेवावी. मुदत नसली की माणसे होकार द्यायला कचरतात.

घरी करायचे काम

आपल्यापैकी अनेक मराठी कुटुंबांची उपासना हिंदीत होते आणि संध्याकाळची प्रार्थना मराठीत. व्यासपीठावरची शिकवण घरच्या भाषेत उतरली नाही तर ती परकीच राहते, म्हणून चार-पाच कुटुंबांच्या गटांनी एखाद्याच्या घरी बसून महिन्याचे अंदाजपत्रक करण्याची एक संध्याकाळ ठेवावी. आकडे कोणी कोणाला दाखवू नयेत. प्रत्येक जोडप्याने आपला कागद आपणच भरावा, आणि तो दोघांनी मिळून भरावा. समजा, घरात महिन्याला २४,००० रुपये येतात आणि आजवर थैलीत सुटे पैसे टाकण्याचीच सवय आहे. अशा कुटुंबाला पहिल्याच महिन्यात दहावा हिस्सा सांगितला तर तो दोन महिने टिकेल. तीन टक्क्यांनी, म्हणजे ७२० रुपयांनी सुरुवात करून दर वर्षी एक टक्का वाढवणे अधिक टिकाऊ ठरते. ही रक्कम पगार हाती आल्याबरोबर बाजूला काढावी, महिनाअखेरीस उरलेल्यातून नव्हे.

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार, रिक्षाचालक, छोटे दुकानदार यांना मासिक आकडा जमत नाही. त्यांच्यासाठी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्याला मिळाल्याप्रमाणे बाजूला ठेवावे, ही करिंथकरांना दिलेली सूचना जशीच्या तशी उपयोगी पडते. लग्नासाठी काढलेले कर्ज किंवा बचत गटाचे हप्ते चालू असतील तर कर्ज फेडणे हेही विश्वासूपणच आहे, असे स्पष्ट सांगावे. अर्पणासाठी उसने घेऊ देऊ नये.

ज्या बहिणींच्या हाती रोख पैसा येत नाही, त्यांच्यासाठी मिझोरमच्या मंडळ्यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तेथे १९१० पासून स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि जमलेला तांदूळ विकून आलेल्या पैशातून मंडळीची सेवा चालते. आपल्याकडे गहू किंवा डाळ चालेल. जमा करण्याचा दिवस आणि विक्रीची नोंद महिला मंडळाने आपल्याकडे ठेवावी, पुरुषांच्या समितीकडे सोपवू नये.

हंगामाच्या उपासनेचा दिवस माळव्यात सोयाबीन निघते त्या सुमारास ठेवल्यास गावाकडची कुटुंबे खरोखर पीक घेऊन येतात. त्या दिवशी आणलेल्या वस्तूंच्या लिलावात मजा असते, पण पेरूची टोपली पाच हजारांना घेणाऱ्याचा जयजयकार होऊ लागला की ज्याने निमूटपणे पायलीभर गहू आणून ठेवला त्याच्याकडे कोणी बघत नाही. लिलाव ठेवायचा तर बोलीची मर्यादा आधीच ठरवावी.

मंदिराच्या आवाराकडेही याच दृष्टीने पाहावे. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून आणले जाते. आवारातला नळ गळत असताना कारभारीपणावर बोलणे कठीण जाते.

कायद्याच्या दोन गोष्टी

परदेशात स्थायिक झालेला मुलगा मंडळीला पैसे पाठवू इच्छितो, तेव्हा त्याचे नागरिकत्व विचारावे. तो भारतीय नागरिक असून स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल तर ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याने कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, आणि मंडळीकडे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती रक्कम स्वीकारता येत नाही. तसेच, विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सहसा आयकर सवलत मिळत नाही, म्हणून लेखापालाला विचारल्याशिवाय पावतीवर तसे आश्वासन छापू नये.

एखादे पाकीट दोन-तीन महिने आले नाही, तर खजिनदाराने पाळकांना रक्कम किंवा क्रमांक न सांगता फक्त ‘या घरी एकदा जाऊन या’ एवढेच सांगावे. बहुतेक वेळा तेथे नोकरी गेलेली असते, आजारपण असते किंवा मंडळीतल्या कोणाशी तरी वाजलेले असते. पाळकांनी त्या भेटीत अर्पणाचा विषय काढू नये. गरज दिसली तर गरिबांच्या निधीतून काय देता येईल ते मंडळीच्या वडिलांशी बोलून त्याच आठवड्यात ठरवावे.